वाचावें, पण बदलूं नये

सन १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली, तेव्हां आजच्या नवी मुंबईच्या जागीं भातखाचरें व मिठागरें होतीं. ज्यांच्या जमिनी शहराकरितां गेल्या, त्या घरीं सातबाऱ्याचा जुना उतारा अद्याप पेटींत जपलेला आढळतो. वारस लागणें, खरेदी होणें अशा कारणानें सातबाऱ्यांत बदल करणें झाल्यास नोंद प्रथम फेरफाराच्या वहींत, म्हणजे गांव नमुना सहांत होते. मंडळ अधिकारी ती प्रमाणित करितो, आणि मगच सातबारा पालटतो. भूलेख संकेतस्थळावर तो कोणासही पाहतां येतो. पाहणाऱ्यास त्यांतील एक अक्षरही बदलतां येत नाहीं.

संगणकाची आज्ञावली लिहिणारे अशाच खिडक्या बांधितात. मूळ यादी एकाच्या हातीं, इतरांस केवळ दर्शन. जावा भाषेंतील ‘अनमॉडिफायेबल लिस्ट’ ही अशीच खिडकी होय. ती पक्की आहे कीं नाहीं हें पाहण्याकरितां त्या भागापुरती चाचणी लिहितात. तीस युनिट टेस्ट म्हणतात.

चार नांवांची यादी घ्यावी, तिजवर खिडकी बसवावी, आणि खिडकींतून नांव घालण्याचा, खोडण्याचा, क्रम फिरविण्याचा यत्न करावा. दर वेळीं ‘अनसपोर्टेड ऑपरेशन एक्सेप्शन’ अशी हरकत आलीच पाहिजे. पुष्कळ लोक येथेंच थांबतात, तें मला पुरेसें वाटत नाहीं. आधीं नांव खोडून मागाहून हरकत घेणारी खिडकीही या परीक्षेंत उत्तीर्ण होईल! म्हणून हरकतीनंतर मूळ यादी पूर्ववत् आहे ना, हेंही तपासावें. शिवाय यादी एकेक करून वाचणारा जो ‘इटरेटर’, त्यासही ‘रिमूव्ह’ म्हणून खोडण्याची आज्ञा असते. तें मागील दार विसरूं नये.

मग उलट परीक्षा. मूळ यादींत मालकानें पांचवें नांव घातलें, तर खिडकींतून पांच नांवें दिसावयास हवींत. चारच दिसलीं, तर ती खिडकी नसून पेटींतला उतारा झाला. वारस लागले तरी त्यावर आजोबांचेंच नांव! नक्कल वाईटच असें नव्हे. २०१८ सालच्या जावा १० मधील ‘लिस्ट.कॉपीऑफ’ बुद्ध्याच नक्कल देतें. परंतु वचन कशाचें दिलें होतें, तें चाचणींत स्पष्ट असावें.

सर्वांत फसवी गोष्ट आंत असते. खात्यांच्या यादींत प्रत्येक खात्यास सहहिस्सेदारांची आणखी एक यादी असेल, तर बाहेरील आवरण तिचें रक्षण करीत नाहीं. खिडकींतून आंतली यादी काढून घ्यावी, तींत परकें नांव घालावें, आणि पाहावें: हरकत येत नाहीं, मूळ दप्तर मात्र बदललेलें असतें. तेथें प्रत्येक आंतील यादीसही निराळें आवरण घालावें लागतें, आणि तीच चाचणी पुन्हां चालवावी लागते.