बैठकीच्या खोलीचा पडदा

कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने घरातल्या पडद्यांविषयी काय सांगावे, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल. ती रास्त आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावरील सभांत झाले. परंतु कापड हा आमचा घरचा विषय आहे आणि अपुरी जागा हाही घरचाच.

मुंबईत १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. अशाच एका खोलीत आम्ही वाढलो. वडील गिरणीत होते. रातपाळी संपवून ते सकाळी घरी येत, तेव्हा इतरांचा दिवस सुरू झालेला असे. चूल, अभ्यास, शेजाऱ्यांची ये-जा, सारे एकाच खोलीत. मग आईने खोलीच्या एका कोपऱ्यात दोरी ताणून जाड कापडाचा पडदा शिवून लावला. त्याच्या आतल्या बाजूस जुन्या गोधडीचे अस्तर होते. त्या पडद्याने वडिलांना दिवसा रात्र मिळे. पडदा म्हणजे श्रीमंतांची हौस, असे जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील आता रात्री घरीच झोपत; पडद्याला काम उरले नाही. शाळा उघडण्याच्या सुमारास आईने तो उतरवला आणि त्याची आम्हा भावंडांना दप्तरे शिवली. ती दप्तरे आमच्या खांद्यावर पाहून वडील काही बोलले नाहीत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या काही कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जेथे जेथे अशी घरे होतात, तेथे बसण्याउठण्याची एक वेगळी खोली प्रथमच वाट्याला येते. ही खोली उबदार वाटावी, संध्याकाळी सगळ्यांनी तेथे येऊन बसावे, अशी इच्छा असते. ती पुरी करण्यास मापाने शिवलेला पडदा फार उपयोगी पडतो. तो का आणि कसा, हे आता पाहू.

पडद्याची कामे चार. तो उजेड अडवतो, ऊन अडवतो, आवाज थोडा शोषतो आणि खोलीला रूप देतो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरच्या अंगास पांढरे अस्तर लावले की उन्हाचा बराच भाग परत जातो. आवाजाच्या बाबतीत मात्र भाबडी आशा धरू नये. जाड कापडाने खोलीतला घुमारा कमी होतो, बोलणे स्पष्ट ऐकू येते. रस्त्यावरची वाहने काही गप्प बसत नाहीत.

चौथे काम रूपाचे. पडद्यातले नाट्य आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण आठवा. रंगभूमीवरचा दर्शनी पडदा वर जातो तो आठवा. झाकणे आणि उघडणे, यातच सारी गंमत आहे. घरातही तेच करावे. दिवसा पातळ पडद्यातून उजेड गाळून घ्यावा. दिवेलागणीला त्याच्या पुढचा जाड पडदा ओढावा, छताचा मोठा दिवा मालवून कोपऱ्यातला एक पिवळा दिवा लावावा. मातकट तांबडा, गर्द निळा किंवा हळदीचा रंग अशा उजेडात खुलतो. चुण्यांच्या सावल्या पडतात आणि तीच भिंत निराळी दिसू लागते.

परंतु चुण्या पडण्यास कापड पुरेसे हवे. येथेच लोक काटकसर करतात आणि पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. हिशोब सोपा आहे. खिडकी ६ फूट रुंद असेल तर दांडी दोन्ही बाजूंस ६ इंच जास्त घ्यावी. म्हणजे ८४ इंच. कापडाची रुंदी दांडीच्या निदान दुप्पट हवी, म्हणजे १६८ इंच. ४८ इंच पन्ह्याचे चार पाट घेतले की भागते. दांडी खिडकीच्या लगत न लावता छताकडे वर लावावी. बुटकी खोली उंच भासते. दांडीपासून जमिनीपर्यंत ९० इंच भरले, तर खालच्या दुमडीस ८, वरच्यास ६ आणि सुती कापड आटते म्हणून आणखी ६ इंच धरावे. झाले ११० इंच. चार पाटांना ४४० इंच, म्हणजे सव्वाअकरा मीटर. कापड आधी भिजवून, वाळवून मगच बेतावे. पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर राहावा. पावसाळ्यात ओल चढत नाही. देवघरातील समई आणि शेगडी यांपासून तो दूर ठेवावा, हे सांगणे नलगे.

कापडासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सोलापूर, इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही मागांची गावे आपलीच. जाड सुती कापड धुण्यास सोपे आणि झुळझुळीत कृत्रिम कापडापेक्षा डोळ्यांना शांत वाटते.

शेवटचा मुद्दा शिलाईचा. पडद्याची शिलाई बहुधा पाटावर मोजली जाते, तासावर नाही. पुष्कळ ठिकाणी हे काम घरी यंत्र चालवणाऱ्या बायकांकडे जाते, आणि दुकानात आपण मोजलेल्या पैशांतले त्यांच्या हाती किती पडते, हे आपण कधी विचारत नाही. आमच्या संघटनेतील एका भगिनीने दहा वर्षे दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांचे पडदे शिवले. तिच्या स्वतःच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलेले आम्ही पाहिले आहे. तेव्हा शक्य तर शिवणाऱ्या व्यक्तीकडे स्वतः जावे, माप समोर द्यावे, दर विचारावा आणि घासाघीस न करता चुकता करावा. पडदा चांगला शिवून येण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या आईच्या हातचे ते दप्तर अजून आमच्यापाशी आहे. त्याच्या अस्तराला गोधडीचा एक तुकडा आहे. सध्याच्या घरी आम्ही बैठकीच्या खोलीला पडदा शिवून घेतला, तेव्हा कापड निवडताना ते दप्तर बरोबर नेले होते. त्याच रंगाचे कापड मिळाले. संध्याकाळी तो पडदा ओढला की नातवंडे आपसूक जवळ येऊन बसतात, आणि दिवसभर राबून आलेला माणूस निवांत पाय पसरतो. घराने माणसाला एवढी विश्रांती द्यावी, ही मागणी आम्ही फाटकावर मांडत आलो. आज येथेही मांडली.