सत्तर पानांचा हिशेब

पहाटेचे साडेचार. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावात कोंबड्याच्या आधी बाया उठल्या आहेत. गडचिरोलीतला मे महिना. सात वाजले की ऊन चावायला लागतं, म्हणून अंधारातच निघायचं. मी जिच्या घरी उतरले आहे ती आजी माझ्या चपलांकडे एकदा बघते आणि काही न बोलता सुनेचे बूट पुढे सरकवते.

एकटीदुकटीने जायचं नाही, असा इथला दंडक. वाघाचा विषय कोणी काढत नाही, पण पुढे चालणारा दादा मध्येच उगाच मोठ्याने खाकरतो.

उजाडतं तेव्हा आम्ही तेंदूच्या झुडपांत आहोत. गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. आजीचा डावा हात फांदी धरतो, उजवा देठापासून पान खुडतो. कट्, कट्. जून पान नको, कोवळं लालसर नको, फोड आलेलं तर नकोच. माझं एक पान होईतो तिची आठ होतात. ओटी भरली की ती फडक्यात रिकामी करायची आणि पुन्हा वाकायचं.

वाटेत तेंदूचं एक मोठं झाड लागतं. पिवळी टेंभरं लगडली आहेत. खालच्या फांद्यांची पानं सहज हाताशी येतात, म्हणून मी हात वर करते.

“त्याले हात नाही लावाचा, बाई,” आजी म्हणते. “फळाचा झाड आहे ना थो. अस्वल खाते, पाखरं खातेत, आपली पोरंही खातेत.”

हा ग्रामसभेचा ठराव आहे. दुसरा ठराव बेलकटाई बंद करण्याचा. पूर्वी हंगामाआधी तेंदूची झुडपं छाटत, कुठे कुठे जमिनीलाच आग लावत. मग बुडातून मऊ, रुंद पानांचे धुमारे फुटत. पानं छान यायची, पण त्या आगीत मोहाची, येनाची, बिब्याची रोपटी जळून जायची. आता इथे छाटणी नाही आणि मार्चमध्ये गावच पाळीपाळीने आगीवर नजर ठेवतं. पान थोडं लहान मिळतं. चालतं, म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं आणि बांबूवर भागवलं. इतकं इथे कोणाला परवडणारं नाही, आणि तसा आव कोणी आणतही नाही.

नऊला घरी. आता खरं काम. ओसरीवर पानांचा ढीग आणि भोवती अख्खं घर: आजी, सून, आठवीतली नात, मुंबईहून सुट्टीला आलेला पोरगाही. पानावर पान, देठ एका बाजूला. सत्तर झाली की सालीच्या वाकाने करकचून गाठ. झाला एक पुडा. हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं, आणि यातलं प्रत्येक कोणीतरी वाकून खुडलेलं. नात मोजत नाही. तिच्या बोटांनाच सत्तर कळतं.

पूर्वी हा सगळा व्यवहार वनखात्याच्या लिलावाचा होता. गावाला मिळायची ती मजुरी. 2006 च्या वनहक्क कायद्याने तेंदू आणि बांबू गौण वनोपज ठरले आणि त्यांची मालकी ग्रामसभेकडे आली. याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी स्वतःचा बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना हातात यायला 2011 चा एप्रिल उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. आता मजुरीशिवाय रॉयल्टीही गावाची. मात्र भाव ठेकेदाराचा. 2017 साली तो आभाळाला भिडला, पुढच्याच वर्षी आपटला. पैसे थकवून गेलेल्या एका ठेकेदाराचा किस्सा ओसरीवर दोनदा सांगून होतो. दुसऱ्यांदा रक्कम वाढलेली असते.

संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं जमा करण्याच्या जागी. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात पुड्यांच्या रांगा वाळत पडल्या आहेत, दुरून पेरलेल्या शेतासारख्या. उद्या त्यांची उलटाई, मग पाणी शिंपडून बोदभराई, म्हणजे पोत्यांत भरणं. मुन्शी गावातलाच, पंचविशीतला, ग्रामसभेने नेमलेला. वहीत नाव, पुड्यांची संख्या, सही किंवा अंगठा. त्याने मधूनच एखादा पुडा उचलून सोडला की रांगेतल्या बाया बोलायच्या थांबतात. पश्चिमेला ढग आहेत. एक सर आली तर पानांवर डाग पडतील. सगळे तिकडे बघतात आणि बघितलंच नाही असं दाखवतात.

हे सगळं शेवटी विडीच्या धुरात जाणार आहे, हे मला सकाळपासून खुपतंय. मी ते आजीला बोलूनही दाखवते. ती म्हणते, “मोह वेचला तं दारू म्हनता, पान तोडला तं विडी म्हनता. मंग आमी का वेचाचा, सांगा.” माझ्याकडे उत्तर नाही.

आजीच्या पुड्यांत एक माझा आहे. मुन्शी नेमका तोच उचलतो. “त्रेसष्ट,” तो म्हणतो, आणि रांगेत हशा पिकतो. पुडा बाजूला पडतो. तिथे उकिडवा बसलेला एक म्हातारा तो ओढून घेतो, वाक सोडतो, चांगलंसं एक पान निवडून मांडीवर पुसतो आणि कनवटीची तंबाखू काढतो.