माती खाण्याचे डोहाळे

नारळी पौर्णिमेच्या सुमारास नांदगावच्या एक आजी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सुनेला पाचवा महिना. "डॉक्टरानू, हिका माती खावचे डोहाळे लागले हत. नाय दिली तर पोराचो कान फुटतलो मां?"

सून मान खाली घालून बसली होती. पापणी ओढून पाहिली, तर आत पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन साडेसात. गर्भवतीला ते ११ च्या खाली असू नये.

आता 'डोहाळे' हा शब्द पाहा. संस्कृतातील 'दोहद' प्राकृतात 'दोहल' झाला आणि मराठीत 'डोहाळा'. सुश्रुतसंहिता सांगते, की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची. तिच्या इच्छा त्या गर्भाच्याच. त्या डावलल्या तर मूल व्यंग घेऊन येते, असेही तिथे आहे. आजींचा फुटका कान बहुधा याच वाटेने आला असावा! कान फुटतो तो सर्दी-पडशातून, जंतूंमुळे. पण माती, खडू, कोळसा, कच्चे तांदूळ यांची ओढ ही पुष्कळदा अंगातील लोह कमी झाल्याची खूण असते. शिवाय मातीतून पोटात जंत जातात, ते वेगळेच.

बाकीचे शब्दही असेच बोलके. 'सुईण' शब्दाचा शिवणाच्या सुईशी काही संबंध नाही. 'सू' म्हणजे जन्म देणे. प्रसूती, सुत, सूतिका हे सगळे त्याच घराण्यातले. आणि 'सुतक'सुद्धा! मुळात ते जन्माचे, मरणाला नंतर चिकटले. 'वेणा' म्हणजे झिजलेली 'वेदना'. 'नाळ' म्हणजे कमळाचा पोकळ देठ. शेजारी गोव्यात गरोदर बाईला 'गुरवार' म्हणतात. त्यात जडपणाचा 'गुरू' आहे. सुईणीला तिथे 'वयजीण', म्हणजे वैद्याचे स्त्रीरूप. एवढा मान आपल्या शब्दाने तिला दिलेला नाही, हे मला खटकते. बाळंतपण पार पडले की आपण 'सुटली', 'मोकळी झाली' म्हणतो. पूर्वी त्यात जिवाची किती धास्ती होती, ते या दोन शब्दांत उरले आहे.

सुनेला जंतांचे औषध दिले आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायची, चहाबरोबर मुळीच नाही. जेवणात कुळीथ आणि लाल माठ.

महिन्याने दोघी पुन्हा आल्या. माती सुटली होती. आजी म्हणाल्या, "आता बांगड्याचे डोहाळे लागले हत. हे पुरवूक हरकत नाय मां?"

मी म्हटले, "अगदी रोज पुरवा."