टीव्हीच्या ऑडिशनसाठी घरच्या घरी रियाज



आपलं गागोदे बुद्रुक हे विनोबा भाव्यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ला ते इथे जन्मले. त्यांची आई रुक्मिणीबाई घरातलं काम करता करता अभंग म्हणायची, असं विनोबांनी सांगून ठेवलं आहे. आपल्याकडे बाईचं गाणं असंच वाढलं. जात्यावर, भाताच्या लावणीत, गौरीच्या फुगड्यांत. आगरी लग्नातली धवलारीण तर पेटी-तबल्याशिवाय तासन्‌तास धवले गाते. तेव्हा आपल्याकडे गळा नाही, असं कुणी म्हणू नये.

पण टीव्हीवरच्या स्पर्धेची ऑडिशन ही वेगळी परीक्षा आहे. तिथे तुम्हाला एखाद-दोन मिनिटं मिळतात. पहिल्या फेरीत बहुतेक वेळा साथीला वाद्य नसतं. समोरची माणसं अनोळखी असतात आणि मध्येच थांबवतात. गावात गाण्याचा क्लास नाही, पेणला रोज जायला वेळ नाही आणि भाडंही परवडत नाही. मग एकटीने तयारी करायची कशी, ते आज बघू.

आधी एक खरं सांगते. या स्पर्धांतून पुढे आलेल्यांच्या मागे बहुधा कुणीतरी शिकवणारं होतं. २००९ साली ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ जिंकलेल्या आळंदीच्या कार्तिकी गायकवाडला तिच्या वडिलांनी शिकवलं. त्याच पर्वात आपल्या अलिबागची मुग्धा वैशंपायन शेवटच्या पाचांत होती. २०२२ साली पहिलं ‘इंडियन आयडॉल मराठी’ आपल्याच जिल्ह्यातल्या पनवेलच्या सागर म्हात्रेने जिंकलं. अमरावती जिल्ह्यातल्या खारतळेगावची वैशाली माडे मराठी ‘सारेगमप’ जिंकली, पुढे २००९ मध्ये हिंदीतही जिंकली, आणि २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’त ‘पिंगा’ गायली. म्हणजे गावाहून तिथवर वाट आहे. शिकवणारं कुणी मिळालं तर जरूर शिका. नसेल तेव्हा चूक दाखवणारं माणूस समोर नसतं, आणि ते काम आपल्यालाच करावं लागतं. म्हणून एकटीच्या रियाजात जितकं गायचं, तितकंच स्वतःला ऐकायचं.

पहिलं काम, आपली पट्टी शोधा. पट्टी म्हणजे आपला ‘सा’ कुठे धरायचा ते. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं. बायकांचा आवाज बहुधा काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास बसतो. ॲपवर काळी चारला जी शार्प आणि काळी पाचला ए शार्प म्हणतात. तिथून सुरुवात करा आणि आपल्या गाण्यातली सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची जागा गाऊन बघा. खालच्या जागेला आवाजच निघत नसेल तर पट्टी थोडी चढवा. वरच्या जागेला ओरडावं लागत असेल तर उतरवा. मूळ गायिकेची पट्टी आपल्याला जमलीच पाहिजे, असं काही नाही.

दुसरं, मूळ गाण्यासोबत गाऊन रियाज झाला असं समजू नका. रेकॉर्ड लावून गायलं की आपला आवाज त्या गायिकेच्या आवाजात लपतो. सूर हलला तरी कळत नाही. मूळ गाणं ऐकायचं ते शिकण्यासाठी. गायचं मात्र नुसत्या तानपुऱ्यावर.

रोज अर्धा तास पुरे, पण रोज. पहिली पाच मिनिटं खालच्या सुरात लांब ‘आ’ लावायचा, श्वास पोटातून घ्यायचा आणि हळूहळू सोडायचा. पुढची दहा मिनिटं सरगम. सारेग, रेगम, गमप असे अलंकार सावकाश म्हणायचे. वेग आपोआप येतो, सूर आपोआप येत नाही. पुढची दहा मिनिटं गाणं, तेही तुकड्यातुकड्याने. जिथे अडतं तेवढीच ओळ दहा वेळा. सोप्या ओळी गाऊन मन खूश होतं, पण अडलेली ओळ अडलेलीच राहते. शेवटची पाच मिनिटं रेकॉर्डिंग.

रेकॉर्डिंग करताना फोन हातभर लांब ठेवा, पंखा बंद करा. तानपुरा दुसऱ्या फोनवर लावून एका कानात इयरफोन घाला, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये फक्त तुमचा आवाज येईल. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा “हा माझा आवाज?” असं वाटेल. घाबरू नका. आपला आवाज आपल्याला हवेतूनही ऐकू येतो आणि डोक्याच्या हाडांतूनही, म्हणून तो आतून भरदार वाटतो. फोनवर येतो तोच इतरांना ऐकू येणारा आवाज. रेकॉर्डिंग तीनदा ऐका. एकदा फक्त सुरासाठी, एकदा लयीसाठी, एकदा शब्दांसाठी. सगळं एकदम ऐकायला गेलं की काहीच पकडता येत नाही.

आता ऑडिशनसाठीच्या दोन खास परीक्षा.

पहिली परीक्षा सुरुवातीची. घाबरलेलं माणूस गाणं नेहमीपेक्षा वरच्या सुरात उचलतं, आणि मग अंतऱ्यात आवाज फाटतो. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, भाकरी थापताना, पाणी भरताना, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करताना, तयारी न करता एकदम पहिली ओळ म्हणा. लगेच तानपुरा लावून बघा, आपली पट्टी लागली का? काही आठवड्यांत गळा ती जागा ओळखू लागतो.

दुसरी परीक्षा टिकण्याची. तानपुरा बंद करून मुखडा, अंतरा आणि परत मुखडा म्हणा. संपताच तानपुरा लावा. तुमचा ‘सा’ तिथेच असेल तर उत्तम. खाली उतरला असेल तर बहुधा श्वास कमी पडतोय. वर चढला असेल तर जोर जास्त लागतोय.

गाणी तीन तयार ठेवा. एक संथ, एक ठेक्याचं आणि एक आपल्या मातीतलं. परीक्षक दुसरं काही म्हणायला सांगतात तेव्हा अडायला नको. प्रत्येक गाण्याचा ताल माहीत असू द्या. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. टाळी देऊन म्हणा. गाण्याचा सगळ्यात चांगला भाग पहिल्या मिनिटात येईल असं बघा, कारण दुसरं मिनिट मिळेलच असं नाही.

गळ्याची काळजीही घ्या. चुलीच्या धुरात रियाज नको. पाणी पीत राहा. गळा दुखत असेल तर त्या दिवशी गाऊ नका, नुसतं ऐका. घसा बसला असताना कुजबुजून बोलल्यानेही ताण पडतो, त्यापेक्षा गप्प राहावं. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती उपाय बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

घरात “आता या वयात गाणं?” असं म्हणणारं कुणीतरी असतंच. तिथे गटाने उभं राहायचं. बचत गटाच्या बैठकीत शेवटची पाच मिनिटं त्या मैत्रिणीला द्या. उभी राहून, ओळखीचे चेहरे समोर असताना, एकदाच गायचं, चुकलं तरी परत सुरुवात नाही. आणि ऐकणाऱ्यांनी नुसतं “छान झालं” म्हणू नये. कुठला शब्द कळला नाही, कुठे आवाज दबला, ते सांगावं. ऑडिशनच्या दिवशी तिची मुलं कोण सांभाळणार, सोबत कोण जाणार, तेही गटातच ठरवा.

शेवटची गोष्ट पैशाची. ऑडिशनची माहिती वाहिनीवर किंवा वाहिनीच्या अधिकृत ॲपवर बघा. २०२०मध्ये करोनाच्या काळात ‘इंडियन आयडॉल’ने सोनी लिव्ह ॲपवरून ऑडिशन घेतल्या होत्या, म्हणजे कधीकधी घरातून व्हिडिओ पाठवूनही भाग घेता येतो. वयाची अट आधी वाचा. “तुमची निवड झाली, नोंदणीचे पैसे भरा” असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका, ओटीपी सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

पहिल्या फेरीतून बहुतेक जण परत येतात. तेव्हा जाण्यायेण्याला किती खर्च करायचा ते आधीच ठरवा आणि त्यासाठी कर्ज काढू नका. निवड झाली नाही तर त्याच रात्री, आठवतंय तोवर, कुठे थांबवलं ते वहीत लिहून ठेवा. पुढचा रियाज तिथूनच सुरू करायचा आहे.

तानपुऱ्याचं ॲप आजच घ्या, आणि पुढच्या बैठकीत पहिली ओळ म्हणून दाखवा.