सोळाव्या जागेचा एक गुण

तलावाच्या पलीकडच्या टोकाला, वळणाच्या भिंतीपाशी, एक मुलगा ओल्या काठावर पालथा पडलेला असतो. हातात मोठ्या आकड्यांची पाटी, ती त्याने अर्धी पाण्यात बुडवून धरलेली. त्याचा संघमित्र पोहत भिंतीकडे येतो, पाण्याखालूनच आकडा वाचतो, गिरकी घेतो आणि परत फिरतो. एक, तीन, पाच, सात. फक्त विषम आकडे, कारण या टोकाला तो दर दोन लेंथनंतरच येणार. शर्यत १६५० यार्डांची, म्हणजे २५ यार्डांच्या तलावात ६६ लेंथ. जवळपास पंधरा मिनिटं सलग पोहणारा तो मुलगा स्वतःचा हिशेब ठेवू शकत नाही. तो त्याच्यासाठी दुसरा ठेवतो. शेवटची लेंथ उरली की आकडा जातो आणि कोरी केशरी पाटी पाण्यात उतरते. धरणारा ती जिवाच्या आकांताने हलवत असतो. तिच्या हलण्यानेच मित्र चार हात पुढे जाईल, असं त्याला वाटत असावं.

अमेरिकेतल्या कॉलेज जलतरणाचा विषय निघाला की विक्रमांच्याही आधी मला ही पाटी आठवते. पोहणं हा तसा एकट्याचा खेळ. कानात पाणी, डोळ्यांसमोर तळाची काळी रेघ, शेजारच्या लेनमध्ये कोण पुढे आहे तेही धड कळत नाही. असा हा खेळ वर्षातून एकदा, मार्च महिन्यात, साऱ्या संघाचा होतो. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशनची, म्हणजे एनसीएएची, ही अजिंक्यपद स्पर्धा. मुलींची एका आठवड्यात, मुलांची बहुधा त्याच्या पुढच्या. पुरुषांचे वैयक्तिक विजेते १९२४ पासून ठरत आले, सांघिक विजेतेपद १९३७ पासून. स्त्रियांना मात्र एनसीएएच्या छताखाली यायला १९८२ साल उजाडलं.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जाणत्या प्रेक्षकाला पैलवानाच्या नावाइतकीच त्याची तालीम महत्त्वाची असते. गंगावेसचा की मोतीबागेचा? इथेही तसंच आहे. डोक्यावरच्या टोपीचा रंग आधी ओळखला जातो आणि मग नाव. टेक्सासचा गडद भगवा, स्टॅनफर्डचा लाल, व्हर्जिनियाचा निळा-नारिंगी. वस्तादांचीही परंपरा आहे. इंडियानाच्या डॉक काउन्सिलमननी १९६८ ते १९७३ अशी सलग सहा विजेतेपदं जिंकली. मार्क स्पिट्झ त्यांच्याच हाताखाली तयार झाला. टेक्सासच्या एडी रीस यांनी १९७८ मध्ये सूत्रं हाती घेतली आणि १९८१ ते २०२१ या काळात १५ विजेतेपदं मिळवली.

हा खेळ मनापासून बघायचा तर गुणांची रीत समजून घ्यावीच लागते. सकाळी प्राथमिक फेरी होते. पहिले आठ संध्याकाळच्या मुख्य फायनलमध्ये जातात, पुढचे आठ दुसऱ्या फायनलमध्ये. मुख्य फायनलमध्ये पहिल्याला २० गुण, दुसऱ्याला १७ आणि तिथून एकेक उतरत आठव्याला ११. दुसऱ्या फायनलच्या विजेत्याला, म्हणजे एकूण नवव्याला, ९ आणि सोळाव्याला १. रिलेला याच्या दुप्पट. एकदा सकाळी पहिल्या आठांत आलात की संध्याकाळी कितीही बिघडलं तरी शर्यत नियमात पूर्ण केल्यावर ११ गुण पक्के. सकाळी शतांश सेकंदाने नववे आलात, तर संध्याकाळी त्या आठांपेक्षा वेगात पोहलात तरी ९ च्या वर काही नाही. म्हणून चाहत्यांची खरी धडधड सकाळी असते. प्रत्येक संघाचे किती ‘वर’ गेले आणि किती ‘खाली’, याच्या याद्या दुपारपर्यंत तयार होतात आणि संध्याकाळच्या निकालाची मांडणी तिथेच सुरू होते. इंडियानापोलिस किंवा अटलांटामध्ये संध्याकाळी सहाला फायनल सुरू होतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. त्या वेळी उठून मी हा खेळ पाहिला आहे, आणि दुसऱ्या फायनलमध्ये चौदाव्या जागेवरून तेराव्या जागेवर सरकलेल्या मुलासाठी पूर्ण बाक उभा राहिलेला पाहिला आहे.

यार्डांच्या तलावाबद्दलही सांगायला हवं. २५ यार्ड म्हणजे २२.८६ मीटर. जागतिक विक्रम फक्त २५ आणि ५० मीटरच्या तलावांत मान्य होतात, त्यामुळे इथली वेळ जगाच्या नोंदवहीत जात नाही. पण लहान तलावात वळणं जास्त. दर वळणावर भिंतीला लाथ मारून पाण्याखालून डॉल्फिनसारखी उसळी घ्यायची, नियमाने १५ मीटरपर्यंत. म्हणजे लेंथचा अर्ध्याहून जास्त भाग पाण्याखालीच जाऊ शकतो. जो पाण्याखाली बलवान, त्याचा हा तलाव.

केलेब ड्रेसेलचं हेच बळ होतं. फ्लोरिडाच्या या मुलाने २०१७ साली १०० यार्ड फ्रीस्टाइलला ४०.०० सेकंद वेळ दिली होती. बरोबर चाळीस. पुढचं वर्षभर प्रत्येक चाहत्याच्या मनात तो एक शतांश सलत राहिला. मार्च २०१८, मिनियापोलिस. वैयक्तिक शर्यतींच्या पहिल्या संध्याकाळी ५० यार्ड फ्रीस्टाइलमध्ये त्याची वेळ १७.६३. त्या स्पर्धेआधी अठरा सेकंदांच्या आत कोणीही गेलं नव्हतं, आणि हा तर थेट साडेसतराच्या जवळ. दुसऱ्या संध्याकाळी १०० यार्ड बटरफ्लाय ४२.८०. त्रेचाळीसच्या आत पहिल्यांदाच. तिसऱ्या संध्याकाळी तो १०० फ्रीस्टाइलच्या ठोकळ्यावर चढला, तेव्हा काय घडायचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनही श्वास रोखले गेले. ३९.९०.

या तीन संध्याकाळींइतकं मोठं काही कॉलेजच्या तलावात एका माणसाने केलेलं मला दिसत नाही. तरी विजेतेपद फ्लोरिडाला मिळालं नाही. ते टेक्सासने जिंकलं, ४४९ गुणांनी. दुसऱ्या आलेल्या कॅलिफोर्नियाचे ४३७.५. वरचा तो अर्धा गुण बरोबरीतून येतो, कारण दोघं एकाच शतांशावर टेकले की दोन जागांचे गुण निम्मे वाटले जातात. चार दिवसांच्या, अनेक शर्यतींच्या शेवटी अंतर साडेअकरा गुणांचं. मुख्य फायनलमधल्या एका आठव्या जागेपेक्षा थोडंच जास्त. ड्रेसेलला पाहायला सगळे आले होते, पण टेक्सासच्या घरच्यांना तेव्हा डायव्हिंगच्या फळीवरच्या मुलांचाही घोर होता, कारण त्यांचेही गुण याच बेरजेत पडतात.

काही क्षणांचा अर्थ तलावाबाहेर पोचतो. २०१५ साली ग्रीन्सबरोमध्ये स्त्रियांच्या १०० यार्ड फ्रीस्टाइलमध्ये सिमोन मॅन्युएल पहिली, लिआ नील दुसरी आणि नॅटली हाइंड्स तिसरी आली. तिघी कृष्णवर्णीय. ज्या देशात कृष्णवर्णीयांना सार्वजनिक तलावांत पाय टाकू दिला जात नव्हता आणि बंदी उठवावी लागली तेव्हा काही शहरांनी तलावच बंद करून टाकले, त्या देशात ही तीन नावं एकाखाली एक फलकावर उमटली. स्पर्धेच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. पुढच्या वर्षी रिओत मॅन्युएलने १०० मीटर फ्रीस्टाइलचं ऑलिम्पिक सुवर्ण कॅनडाच्या पेनी ओलेक्सियाकबरोबर वाटून घेतलं. ग्रीन्सबरोत हजर असलेल्यांना ते अनपेक्षित वाटलं नसेल.

त्याच २०१५ च्या मार्चमध्ये आयोवा सिटीत आणखी एक फायनल झाली. १०० यार्ड बटरफ्लाय. आठ लेन, त्यातल्या सहांत टेक्सासचे पोहणारे. जिंकला सिंगापूरहून आलेला जोसेफ स्कूलिंग. पुढच्याच वर्षी रिओमध्ये त्याने मायकेल फेल्प्सला मागे टाकून आपल्या देशाला पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. ही शर्यत आयोवात व्हावी याला एक अर्थ होता. आज आपण जो बटरफ्लाय पाहतो, दोन्ही हात एकदम आणि पाय डॉल्फिनच्या शेपटीसारखे, तो याच विद्यापीठात १९३० च्या दशकात प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचा विद्यार्थी जॅक सीग यांनी घडवला. तो स्ट्रोक जिथे जन्मला तिथेच त्याची अशी अपूर्व फायनल रंगली.

आणि पाच वर्षांनी, २०२० मध्ये, आयोवा विद्यापीठाने आपला पुरुषांचा जलतरण संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. कारण पैशाचं दिलं गेलं. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. तलाव उभा आहे, वारसा आहे, आणि तिथल्या मुलांना घालायला टोपी नाही. आयोवा एकटं नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएने १९८२ साली पुरुषांचं विजेतेपद जिंकलं होतं. १९९४ मध्ये तोही संघ बंद झाला. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईवर विद्यापीठाचं क्रीडाखातं चालतं, आणि हात आखडायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड पोहणाऱ्यांवर, कुस्तीवर, जिम्नॅस्टिक्सवर पडते. चाहता एकेका गुणाचा हिशेब ठेवतो आणि खजिनदार एकेका डॉलरचा. या दोन वह्यांचा मेळ अजून बसलेला नाही.

म्हणून ॲरिझोना स्टेटची गोष्ट चाहते इतक्या जिव्हाळ्याने सांगतात. २००८ मध्ये तिथलाही पुरुषांचा संघ बंद झाल्याचं जाहीर झालं होतं. माजी विद्यार्थ्यांनी आणि हितचिंतकांनी पैसा उभा केला आणि संघ वाचवला. पुढे फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन तिथे आले आणि त्यांच्याकडे फ्रान्समधून लेऑं मार्शां नावाचा मुलगा शिकायला आला. २०२३ साली मिनियापोलिसमध्ये त्याने ४०० यार्ड मेडलेला ३ मिनिटं २८.८२ सेकंद वेळ दिली. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला तो आपली नेहमीची एक शर्यत सोडून ५०० यार्ड फ्रीस्टाइलला उतरला. २० लेंथ. ४ मिनिटं ०२.३१ सेकंद, आधीच्या विक्रमाहून जवळपास चार सेकंदांनी कमी. जलतरणात चार शतांशांसाठी माणसं वर्षभर पहाटे उठतात. त्याच स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, ॲरिझोना स्टेटने पुरुषांचं सांघिक विजेतेपद पहिल्यांदा जिंकलं. सोळा वर्षांपूर्वी चेक लिहिणारे काही हात त्या संध्याकाळी नक्कीच थरथरले असतील. चार महिन्यांनी पॅरिसमध्ये मार्शांने चार वैयक्तिक सुवर्णपदकं मिळवली आणि सारं जग त्याला ओळखू लागलं.

पण या तलावात उतरणाऱ्या बहुतेकांना पॅरिस नाही. चौथ्या वर्षाला असलेल्या मुलामुलींसाठी ही आयुष्यातली शेवटची शर्यत असते. सात-आठ वर्षांच्या वयापासून पहाटेच्या काळोखात क्लोरीनच्या वासात घालवलेली वर्षं इथे संपतात; सोमवारी परीक्षा आहे आणि जूनमध्ये नोकरी. शेवटच्या दिवशी दुपारी १६५० यार्डांच्या संथ हीट्स होतात. सर्वांत वेगवान आठजण संध्याकाळी पोहणार असतात, त्यामुळे दुपारी बाकं बरीच रिकामी. तरी आईवडील असतात, वहीत नोंदी ठेवणारे जुने चाहते असतात, आणि पलीकडच्या टोकाला पाटी धरलेला मित्र असतो. एकूण क्रमवारीत सोळावा येईल इतकी वेळ या दुपारच्या हीटमधूनही निघू शकते. ते कळायला रात्र व्हावी लागते. शर्यत संपते. मुलगा लेनच्या दोरीवर हात टाकून फलकाकडे बघत थोडा वेळ तसाच पाण्यात राहतो. पलीकडचा मित्र केशरी पाटी काखेत मारून काठाकाठाने पळत त्याच्याकडे निघालेला असतो.