सापाची अंडी: काचेची पेटी नको, डबा बरा

शहापूर-मुरबाडकडे पावसाच्या तोंडावर उकिरड्यात, वारुळात, दगडी बांधात नाग-धामणीची अंडी सापडतात. शक्यतो तिथेच राहू द्या; नागीण बहुधा अंड्यांजवळच असते. हलवावीच लागली तर ते काम वनखात्याच्या सांगण्यावरून सर्पमित्राचंच.

काचेची पेटी दिसायला छान, पण ओलावा टिकत नाही. माझं मत झाकणाच्या प्लास्टिक डब्याला: बारीक भोकं, आत नारळाचा दमट भुसा (मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये), तापमान २८ ते ३० अंश. अंड्यांची वरची बाजू पेन्सिलीने खुणावून तशीच ठेवायची. उलटली तर आतला जीव दगावू शकतो. साधारण दोन महिन्यांत पिल्लं!

ती लगेच रानात सोडायची. देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. वनखात्याची हेल्पलाइन: १९२६.