झेंड्यावरचे सप्तर्षी

दोस्तांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर झोपायला गेलात, की उत्तरेकडे सप्तर्षी दिसतात ना? तेच सात तारे आणि ध्रुवतारा अमेरिकेतल्या एका राज्याने चक्क आपल्या झेंड्यावर नेऊन बसवलेत! त्या राज्याचं नाव अलास्का. आणि हा झेंडा कुणी तयार केला, माहीत आहे? तेरा वर्षांच्या एका मुलाने.

पण आधी अलास्काची थोडी ओळख. १८६७ साली अमेरिकेने हा मुलूख रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला. म्हणजे एकराला साधारण दोन सेंट! सौदा करणारे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड यांची तेव्हा खूप टिंगल झाली. एवढं बर्फ घेऊन करायचं काय? पुढे तिथे सोनं निघालं, तेल निघालं आणि टिंगल थांबली. हे राज्य महाराष्ट्राच्या साडेपाचपट मोठं, पण माणसं जेमतेम सव्वासात लाख. राजधानी जूनोला बाहेरून रस्ताच जात नाही. विमानाने नाहीतर बोटीने जायचं. उत्तर टोकाच्या उत्कियाग्विक गावात तर मे महिन्याच्या मध्यापासून ऑगस्ट उजाडेपर्यंत सूर्य मावळतच नाही. ‘अंधार पडला, आता घरी या,’ असं तिथल्या आयांना म्हणताच येत नसेल, नाही का?

तर तो मुलगा. त्याचं नाव बेनी बेन्सन. तो तीन वर्षांचा असताना आई वारली, मग घर जळालं. वडिलांनी त्याला आणि त्याच्या भावाला अनाथाश्रमात ठेवलं. हा आश्रम पुढे सेवर्ड गावात आला. हो, त्याच मंत्र्यांच्या नावाचं गाव! त्या वेळी अलास्का राज्य नव्हतं, अमेरिकेच्या ताब्यातला नुसता प्रदेश होता आणि त्याला स्वतःचा झेंडाही नव्हता. म्हणून सातवी ते बारावीच्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली गेली. कुणी पांढरी अस्वलं काढली, कुणी मध्यरात्रीचा सूर्य. बेनीने निळ्या रंगावर फक्त आठ सोनेरी तारे काढले. निळा रंग आकाशाचा आणि तिथल्या इवल्याशा रानफुलाचा. ध्रुव उत्तरेचा. आणि आपले सप्तर्षी म्हणजे त्यांच्याकडच्या ‘मोठ्या अस्वला’चा भाग, म्हणून ते बळाची खूण.

१९२७ साली बेनीचं चित्र पहिलं आलं. त्याला घड्याळ आणि शिक्षणासाठी १,००० डॉलर मिळाले. त्या पैशांतून तो पुढे डिझेल इंजिनांचं काम शिकला. ३ जानेवारी १९५९ रोजी अलास्का राज्य झालं, तेव्हाही झेंडा बेनीचाच राहिला.

पुण्या-मुंबईत ध्रुव क्षितिजापासून १८-१९ अंशांवरच असतो. समोर एखादी इमारत आली, की गायब. सेवर्डला मात्र तो ६० अंशांवर, आणि सप्तर्षी कधी मावळतच नाहीत. फक्त जूनमध्ये तिथल्या रात्री इतक्या उजेडाच्या असतात, की बहुतेक तारे दिसतच नाहीत. तेव्हा सप्तर्षी पाहायचे ते झेंड्यावरच!